राष्ट्रांचा सहकार आणि सभासदाचा हिशेब

आज १७ सप्टेंबर. मराठवाड्याच्या गावोगावी आज ध्वज फडकेल, हुतात्म्यांची नावे घेतली जातील आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामाची कथा नव्या पिढीला सांगितली जाईल. त्या कथेत हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचा आणि तेथे अध्यापन केलेल्या स्वामी रामानंद तीर्थांचा उल्लेख येईल. नळदुर्गचाही येईल, कारण १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरच्या बाजूने निघालेली भारतीय फौज याच जिल्ह्यातून पुढे सरकली आणि नळदुर्ग पहिल्याच दिवशी तिच्या ताब्यात आले. परंतु त्याच आठवड्यात या जिल्ह्याच्या भवितव्याची चर्चा आणखी एका ठिकाणी, दूर पॅरिसमध्ये चालू होती, याचे स्मरण सहसा कोणी करून देत नाही. १६ सप्टेंबर रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीची बैठक तेथे भरली होती आणि तिच्यापुढे निजाम सरकारची भारताविरुद्धची फिर्याद होती.

ही फिर्याद निजाम सरकारने २१ ऑगस्टलाच तारेने धाडली होती. राष्ट्रसंघाचा सभासद नसलेल्या राष्ट्रालाही आपला तंटा समितीपुढे नेता येतो, असे सनदेचे ३५ वे कलम सांगते. मोईन नवाज जंग यांचे शिष्टमंडळ याच कलमाचा आधार घेऊन पॅरिसला गेले. भारताचे प्रतिनिधी रामस्वामी मुदलियार यांचे उत्तर थोडक्यात असे होते, की हैदराबाद हे मुळी राष्ट्रच नव्हे. म्हणून या कलमाचा दरवाजा त्याच्यासाठी उघडाच नाही. पहिल्या बैठकीनंतर दुसऱ्या दिवशी निजामाने युद्धबंदी जाहीर केली, आणि २२ सप्टेंबरला आपली फिर्याद मागे घेतल्याची तारही केली. तरीसुद्धा ‘हैदराबादचा प्रश्न’ सुरक्षा समितीच्या विषयसूचीवर पुढे अनेक दशके पडून राहिला. ज्यांच्याविषयी हा प्रश्न होता, त्या रयतेचे दुःख मात्र त्या सूचीवर कधीच आले नाही. रझाकारांचा धुमाकूळ तेथे पोहोचला नाही. आणि पोलीस कारवाईनंतर येथील निरपराध मुसलमानांवर जे गुदरले, तेही पोहोचले नाही. सुंदरलाल समितीने सर्वाधिक हानी सोसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव नोंदविले होते, हे आजच्या दिवशीही विसरता कामा नये.

पण आमचा आजचा विषय निराळा आहे. ज्याच्या संपत्तीच्या कथा जगभर सांगितल्या जात, ज्याचे स्वतःचे नाणे, टपाल आणि रेल्वे होती, अशा निजामाला त्या निर्वाणीच्या घडीला राष्ट्रसंघाचा उंबरठा इतका मोलाचा का वाटावा? याचे कारण उघड आहे. त्या उंबरठ्याच्या आत ज्याला आसन मिळते तो जगाच्या दृष्टीने राष्ट्र ठरतो. ज्याला ते मिळत नाही त्याचा प्रश्न घरगुती ठरतो. राष्ट्रे आंतरराष्ट्रीय संघटनांत का शिरतात, या प्रश्नाचे पहिले उत्तर आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासाने असे दिले आहे. ते उत्तर म्हणजे मान्यता. १९४५ साली संयुक्त राष्ट्रांचे ५१ सभासद होते. आज ते १९३ आहेत. वसाहतीच्या जोखडातून सुटलेल्या प्रत्येक देशाने आपला ध्वज उभारताच जी पहिली कामे केली, त्यांत राष्ट्रसंघाकडे सभासदत्वाचा अर्ज पाठविणे हे एक होते. इंडोनेशियाने १९६५ साली रागाने हे सभासदत्व सोडले; पुढच्याच वर्षी तो देश परत आपल्या आसनावर येऊन बसला. रुसून घराबाहेर जाता येते, पण जगाबाहेर जाता येत नाही, हे त्याला फार लवकर उमगले.

तथापि केवळ मानापमानाने या संघटनांची एवढी वाढ झाली असती, असे मानणे भाबडेपणाचे होईल. त्यांचा उगम राजदरबारांत झाला नसून नदीच्या घाटावर, तारघरात आणि टपालकचेरीत झाला आहे. ऱ्हाइन नदीवरील नौकानयनासाठी १८१५ साली युरोपातील राज्यांनी एक आयोग नेमला, तो अशा संस्थांतील आद्य मानला जातो. १८६५ मध्ये तारयंत्रासाठी आणि १८७४ मध्ये टपालासाठी संघ स्थापन झाले. टपालसंघात हिंदुस्थान १८७६ सालीच सामील झाला. त्यापूर्वी एका देशातून दुसऱ्या देशात पत्र धाडावयाचे तर वाटेतील प्रत्येक सरकारशी वेगळा करार आणि वेगळा दर. बर्नच्या कराराने सर्व सभासद देशांचा टपालापुरता एकच मुलूख मानला आणि ही कटकट एका फटक्यात संपविली. १९०९ साली सरकारांनी स्थापन केलेल्या अशा संघटना ३७ होत्या. आज त्यांची गणना शेकड्यांनी होते.

आपल्या तेरच्या पांढरीत रोमन व्यापाराच्या खुणा सापडतात. पहिल्या शतकातील एका ग्रीक ग्रंथात तगर या नावाने त्याचा उल्लेख असून तेथील कापड भडोचच्या बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. तेव्हा ना करार होता, ना संघटना. सार्थवाहाचा शब्द आणि मावळतीचा वारा एवढ्यावर व्यापार चालत असे. पण वर्षाकाठी काही गलबते आणि दर मिनिटाला लक्षावधी संदेश यांत जो फरक आहे, तोच सार्थवाहाच्या शब्दात आणि आंतरराष्ट्रीय करारात आहे. देवघेव जितकी दाट, तितका नियम आवश्यक. आणि नियम आला की तो पाहणारी कचेरीही आलीच.

गरजेचे हे सूत्र पुढे माणसाच्या श्रमाला आणि आरोग्यालाही लागू झाले. १९१९ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेला हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी गेले होते. एका देशाने कामाचे तास कमी केले तर दुसऱ्या देशाचा माल स्वस्त होऊन पहिल्याचा कारखाना बुडतो, म्हणून तास सर्वांनी मिळूनच ठरवावेत, हा त्या परिषदेमागचा विचार. तेथे हिंदुस्थानसाठी आठवड्याला साठ तासांची मर्यादा ठरली आणि १९२२ च्या कारखाना कायद्याने ती येथे आली. मुंबईच्या गिरणगावाला जे स्वतःच्या सरकारकडून मिळत नव्हते, ते परदेशातील एका ठरावाच्या मार्गाने काही अंशी मिळाले. या परिषदेला प्रतिनिधी पाठविण्यासाठी देशव्यापी कामगार संघटना हवी, ही निकड १९२० साली आयटकच्या स्थापनेमागे होती. बाहेरच्या संघटनेने घरातील दुर्बळांच्या हाती असे एक साधन दिले. निजामी मुलुखात ब्रिटिश हिंदुस्थानचा तो कायदा लागू नव्हता, ही गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे. संघटनेचा लाभ सभासदाच्या सीमेपाशीच थांबतो.

देवीच्या रोगाचे उदाहरण त्याहून बोलके आहे. आमच्या पिढीने चेहऱ्यावर देवीचे व्रण घेऊन वावरणारी माणसे घरोघरी पाहिली. आजच्या विद्यार्थ्याला तो शब्दही समजावून सांगावा लागतो. भारतातील या रोगाची साखळी १९७५ साली तुटली आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने तो पृथ्वीवरून नष्ट झाल्याचे घोषित केले. अमेरिका आणि सोव्हिएत रशिया परस्परांवर अण्वस्त्रे रोखून बसले असताना या एका कामात दोघांचीही लस, पैसा आणि तज्ज्ञ एकत्र आले. जंतूला पारपत्र लागत नाही. म्हणून त्याच्याशी लढणाराला सीमेचा अभिमान बाळगून चालत नाही.

मराठी वाचकाला हे सर्व समजण्यासाठी परदेशी ग्रंथांची जरुरी नाही. सहकारी साखर कारखान्याचा सभासद शेतकरी ही गोष्ट रक्ताने जाणतो. एकट्या शेतकऱ्याला साखरेचा कारखाना उभारता येत नाही, म्हणून तो भाग विकत घेतो. भाग घेताच पोटनियमांनी बांधला जातो. ऊस कोणत्या पाळीने तुटावा, हे त्याच्या लहरीवर राहत नाही. जे स्वातंत्र्य तो सोडतो ते तसेही त्याच्या उपयोगाचे नव्हते. जी शक्ती मिळवितो ती एरव्ही त्याच्या वाट्याला आली नसती. राष्ट्राचेही तसेच आहे. पण सहकाराच्या याच अनुभवाने आपल्याला दुसरे सत्यही शिकविले आहे. सभासद झोपला की संचालक मालक होतात, वार्षिक सभा पाच मिनिटांत आटोपते आणि अहवाल न वाचताच मंजूर होतो. अशा कारखान्यांची पुढे काय गत झाली, हे या जिल्ह्यास सांगावयास नको.

म्हणूनच कोणत्याही संघटनेत शिरताना तिथे मत कसे मोजले जाते, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. सहकारात एक सभासद, एक मत. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत एक राष्ट्र, एक मत. परंतु सुरक्षा समितीत पाच बड्यांना नकाराधिकार. जागतिक बँकेत भांडवलाच्या प्रमाणात मते, म्हणजे तो सरळसरळ भागभांडवली कंपनीचा न्याय. ‘आंतरराष्ट्रीय संघटना’ हा एकच शब्द आपण या सर्वांना लावतो, पण त्यांचे पोटनियम भिन्न आणि म्हणून त्यांचे स्वभावही भिन्न आहेत.

यांपैकी बँकेचा अनुभव या जिल्ह्याने अत्यंत दुःखद प्रसंगी घेतला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात धरणी हादरली आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे दगडमातीखाली गाडली गेली. सास्तूरसारखी आपल्याकडील गावे होत्याची नव्हती झाली. एवढी गावे पुन्हा उभी करणे राज्याच्या तिजोरीच्या आवाक्याबाहेरचे होते. १९९४ साली जागतिक बँकेने आपल्या सवलतीच्या शाखेतून सुमारे २४ कोटी ६० लाख डॉलरचे कर्ज दिले. ५२ गावे नव्या जागी वसविली गेली. इतर गावांतून दोन लाखांच्या आसपास घरे दुरुस्त वा मजबूत करण्यात आली. कर्जासोबत अटीही आल्या. ग्रामस्थांच्या समित्या नेमून त्यांचा सहभाग घ्यावा, ही त्यांतील एक अट होती, आणि प्रामाणिकपणे सांगावयाचे तर ती अट आमच्या सरकारी शिरस्त्यापेक्षा अधिक लोकशाहीची होती. उलट, नव्या वसाहतींची शहरी थाटाची चौकोनी आखणी आणि ऐसपैस रस्ते यांत गल्लीचा शेजार हरवला, गुरांचा गोठा दूर गेला आणि वाड्याची ओसरी नाहीशी झाली, ही तक्रारही खोटी नव्हती. पुढे २०१८ साली बँकेच्याच ४२ कोटी डॉलरच्या कर्जातून पोकरा योजना आली. राज्यातील १५ जिल्ह्यांच्या त्या यादीत आपला जिल्हा आहे. शेततळे, ठिबक, बियाणे अशा रूपांनी ती शेतकऱ्याच्या ओळखीची झाली. पैसा बाहेरून आला म्हणून तो विषारी ठरत नाही, आणि बाहेरून आला म्हणून तो शहाणाही ठरत नाही. तो कसा वापरला हे पाहणारा डोळा आपला असला पाहिजे.

परंतु मदत घेण्याचा प्रसंग आणि नियमाखाली वाकण्याचा प्रसंग यांत फार अंतर आहे. १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली आणि भारत तिचा आरंभापासून सभासद आहे. डंकेल प्रस्तावाच्या काळातील वाद पुष्कळांना आठवत असेल. कर्नाटकातील नंजुंडस्वामींनी त्याला कडाडून विरोध केला. महाराष्ट्रात शरद जोशींनी शेतकऱ्याला जगाची बाजारपेठ मिळेल म्हणून त्याचे स्वागत केले. त्या वादाचा हिशेब अद्याप पुरा झालेला नाही. २०१९ साली ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी भारताच्या ऊसदराविरुद्ध व साखरेच्या निर्यात अनुदानाविरुद्ध तक्रार केली. सरकार उसाची किमान रास्त किंमत ठरवून देते, ही उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांची मर्यादा ओलांडणारी मदत आहे, असा त्यांचा आक्षेप. सरकार एक पैसाही देत नाही, किंमत कारखाना देतो, हे भारताचे उत्तर. १४ डिसेंबर २०२१ च्या निकालात पंचांनी हे उत्तर मानले नाही. २०१४-१५ ते २०१८-१९ या हंगामांत मर्यादा ओलांडली गेली असे ठरविले. भारताने अपील केले. पण नेमणुका अमेरिकेने रोखून धरल्यामुळे अपील मंडळ २०१९ च्या अखेरीसच बंद पडलेले होते. म्हणजे निकाल विरुद्ध गेला, आणि न्यायालयाला कुलूप असल्यामुळे तो अमलात आला नाही! तेरणेच्या काठी ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याचा दर अशा रीतीने जिनीव्हातील एका बंद दारावर टांगलेला आहे, आणि त्याला त्याचा पत्ताही नाही.

सोयाबीनचा मामला याहून सूक्ष्म आहे. खाद्यतेलावर जास्तीत जास्त किती आयातकर लावू, याचे वचन भारताने संघटनेला दिलेले आहे. इतर बहुतेक तेलांसाठी ही मर्यादा ३०० टक्के, पण सोयातेलासाठी ती अवघी ४५ टक्के. ज्या पिकावर आज मराठवाड्याचा खरीप उभा आहे, नेमका त्याच्याच बाबतीत आपला हात आखडलेला आहे. मात्र येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मे २०२५ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरील मूळ कर २० वरून १० टक्क्यांवर आणला गेला, तो जिनीव्हाच्या हुकुमाने नव्हे. शहरी ग्राहकाला तेल स्वस्त मिळावे म्हणून दिल्लीने स्वतः आणला. ४५ टक्क्यांची मुभा असताना आपण ती वापरली नाही. तेव्हा प्रत्येक दुखण्याचे खापर परदेशी संघटनेवर फोडणे, हा राज्यकर्त्यांना सोयीचा आणि शेतकऱ्याला फसविणारा मार्ग आहे.

मग या संघटनांतून बाहेर पडावे काय? असे म्हणणारे आज जगभर वाढले आहेत. ब्रिटन २०२० मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडले. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये आरोग्य संघटना सोडण्याचा आदेश काढला. बलाढ्यांना हे परवडते, निदान परवडेल असे त्यांना वाटते. पण नियम मोडकळीस आले तर पहिली झळ त्यांना नव्हे, दुबळ्यांना लागते. नियम कितीही वाकडा असला तरी त्याच्यापुढे ब्राझीलला आणि अमेरिकेलाही कैफियत द्यावी लागते; नियमच नसेल तर उरतो तो केवळ दांडगाईचा न्याय. शिवाय आपण उठून गेलो म्हणून सभा थांबत नाही. ती आपल्यावाचून ठराव करते आणि माल विकावयास आपल्याला शेवटी त्याच बाजारात जावे लागते. हे खरे, की करार कागदावरच राहू शकतात. जागतिक बँकेच्या मध्यस्थीने १९६० साली झालेला सिंधू जलकरार तीन युद्धे पचवून टिकला आणि एप्रिल २०२५ मध्ये भारताने तो स्थगित केला. विश्वास तुटला की कलमे मुकी होतात. परंतु पासष्ट वर्षे जो टिकला तो व्यर्थ होता, असे कोण म्हणेल?

आमचे म्हणणे इतकेच, की सभासद राहावे, पण जागरूक सभासद राहावे. येथे आपल्या राज्यघटनेतील एका पोकळीकडे लक्ष वेधणे आम्हांस कर्तव्य वाटते. आपल्याकडे परराष्ट्रांशी करार करण्याचा अधिकार कार्यकारी सरकारचा आहे; सही करण्यापूर्वी संसदेची संमती घ्यावी असे बंधन नाही. अमेरिकेत मात्र तहाला सिनेटच्या दोनतृतीयांश सभासदांची संमती लागते. इकडे शेती हा राज्यांच्या सूचीतील विषय. पण २५३ व्या कलमान्वये आंतरराष्ट्रीय कराराच्या पूर्तीसाठी संसद कोणत्याही विषयावर कायदा करू शकते. परिणाम असा, की शेतीविषयीचे वचन देताना ज्या राज्याला ते पाळावयाचे आहे त्याला विचारले जाईलच अशी हमी नाही, आणि ज्या शेतकऱ्याच्या खळ्यातून ते फेडावयाचे आहे त्याला तर मुळीच नाही. १९९४ साली झालेल्या करारावर संसदेत भाषणे पुष्कळ झाली. निर्णय मात्र सरकारचाच होता.

ही पोकळी भरून काढण्यास घटना उलथण्याची गरज नाही. शेती, पाणी, मजुरी आणि औषधे यांना स्पर्श करणारा प्रत्येक करार सहीपूर्वी संसदेपुढे ठेवावा, आणि संबंधित राज्यांचे मत लेखी घेऊन प्रसिद्ध करावे, असा कायदा संसदेस करता येईल. महाराष्ट्र विधिमंडळाने साखर व सोयाबीन यांच्यापुरती का होईना, अशा वचनांची छाननी करणारी स्थायी समिती नेमावी. सहकारी साखर कारखान्यांच्या संघाने जिनीव्हातील निकालाचा सारांश मराठीत छापून प्रत्येक कारखान्याच्या वार्षिक सभेपुढे ठेवावा. आमच्या महाविद्यालयांतील अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्राच्या अध्यापकांनी हा विषय परीक्षेच्या टिपणांतून उचलून गावच्या चावडीवर न्यावा. आणि वृत्तपत्रांनीही, आम्ही स्वतः त्यांत आलोच, परराष्ट्रीय वार्ता आणि बाजारभाव यांची पाने वेगळी असली तरी विषय वेगळे नाहीत, याचे भान ठेवावे.

१९४८ साली या मुलुखाच्या नावाने पॅरिसमध्ये जो बोलत होता, तो या मुलुखातील जनतेला विचारून बोलत नव्हता. आणि म्हणूनच तो आवाज दोन दिवसांत विरला. आज आपल्या नावाने जगाच्या सभांत बोलणारे सरकार आपण निवडलेले आहे. हा फरक केवढा मोठा, हे ज्यांनी मुक्तिसंग्रामात देह ठेवला त्यांना ठाऊक होते. पण निवडून दिले म्हणजे विचारण्याचा हक्क संपला, असे मात्र त्यांनी आपल्याला शिकविले नाही.